वस्तऱ्याची धार दाढी संपेपर्यंत टिकवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात वस्तरा तीन पिढ्यांचा. आजोबा गावोगाव धोकटी, म्हणजे हजामतीच्या सामानाची पिशवी, घेऊन फिरले, वडिलांनी कराडला दुकान टाकलं. मी त्या व्यवसायात नाही, चिपळूणला नोकरी करतो, पण स्वतःची दाढी गेली अठरा वर्षं घडीच्या वस्तऱ्यानेच करतो. अलीकडे बरेच तरुण हौसेने वस्तरा घेतात, पंधरा दिवसांत कंटाळतात आणि मला तेच तेच प्रश्न विचारतात. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच असतं: सुरुवातीला लोण्यासारखा चाललेला वस्तरा हनुवटीपर्यंत येता येता ओढायला लागतो. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. इथे वस्तरा म्हणजे पूर्ण पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा वस्तरा. अर्धं ब्लेड घालायच्या वस्तऱ्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

गाल छान होतात, पण हनुवटीवर वस्तरा ओढतो. म्हणजे अर्ध्या दाढीत धार गेली का?

बहुतेक वेळा नाही. नीट लावलेली धार एका दाढीत संपत नाही. वडील दुकानात एकाच वस्तऱ्याने ओळीने गिऱ्हाइकं करायचे. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याचे आठ-दहा हात मारले की त्यांचं काम भागायचं.

हनुवटीवर ओढतो त्याची कारणं सहसा तीन. तिथला केस गालापेक्षा राठ आणि दाट असतो. तोवर फेस सुकत आलेला असतो. आणि वळणावर आपला हात नकळत उभा होतो, त्यामुळे पातं कापायचं सोडून खरवडायला लागतं. आधी पुन्हा पाणी लावा, फेस लावा, कातडी ताणून धरा आणि पातं आडवं करा. एवढं करूनही ओढला तरच धारेवर संशय घ्या.

केस मऊ आणि पोलाद कठीण. मग धार जातेच कशी?

हा प्रश्न मला फार आवडतो. लहानपणी मी वडिलांना तो विचारला होता. ते म्हणाले, "केस सरळ उभा राहिला तर पात्याचं काही बिघडत नाही. वाकला की तो पात्याला चावतो."

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या जियानलुका रोशोली, जेम ताशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. दाढीचं ब्लेड केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असूनही निकामी का होतं, हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आपला समज असा की धार हळूहळू घासून गोल होते. त्यांना मात्र धारेच्या कडेचे बारीक टवके उडताना दिसले. हे टवके कुठेही उडत नाहीत. पोलादाची आतली रचना जिथे एकसारखी नसते, जिथे आधीच एखादी सूक्ष्म चीर असते, आणि केस वाकून तिरका होऊन नेमका त्या जागी दाबतो, तिथे ते उडतात.

त्यांचं ब्लेड बाजारात मिळणाऱ्या साध्या रेझरचं होतं, घडीच्या वस्तऱ्याचं नव्हतं. पण माझ्या मते वस्तरा चालवणाऱ्यालाही यातून सरळ धडा मिळतो. केस वाकायच्या आत कापला जायला हवा. त्यासाठी तो पुरता भिजलेला हवा, फेसाने धरलेला हवा आणि कातडी ताणलेली हवी.

दुसरं कारण पाणी. कार्बन पोलादाच्या वस्तऱ्याची धार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक असते. पात्याच्या अंगावर दिसणारही नाही एवढा गंज तिथे धार बोथट करायला पुरतो. म्हणजे काही धार दाढी करताना जाते आणि काही दाढी झाल्यावर, वस्तरा ओला ठेवला म्हणून.

दाढी किती वेळ भिजवायची?

किमान तीन मिनिटं, घड्याळ लावून. आपल्याला वाटतं खूप वेळ झाला, आणि प्रत्यक्षात चाळीस सेकंद झालेले असतात. केस पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. कोमट ते गरम पाणी, चेहऱ्याला सोसवेल इतकंच. अंघोळीनंतर लगेच दाढी केली तर सगळ्यात उत्तम.

आधी साबणाने तोंड धुवा. केसावर तेलाचा थर असतो आणि तो पाणी आत जाऊ देत नाही. डोक्याला तेल लावायची सवय असेल तर कल्ल्यांपाशी हा थर हमखास असतो, आणि तिथेच पहिला हात ओढतो. तोंड धुऊन झालं की गरम पाण्यात पिळलेला पंचा चेहऱ्यावर मिनिटभर धरा, मग फेस लावा, आणि लावल्यावर ब्रशने निदान मिनिटभर घोळवत राहा. वडील गिऱ्हाइकाला साबण लावून मुद्दाम गप्पा मारत बसायचे. मला वाटायचं की वेळ काढतात. पुढे स्वतः वस्तरा हातात घेतला तेव्हा त्या गप्पांचं काम समजलं.

क्रीम, वडी की डब्यातला फोम?

वडी किंवा क्रीम, आणि ब्रश. डब्यातला फोम दिसायला भरपूर असतो, पण त्यात हवा जास्त आणि पाणी कमी. वस्तऱ्याला लागतो पातळ, ओला, चकचकीत फेस. शिखरं उभी राहणारा घट्ट फेस फोटोत छान दिसतो. दाढीला मात्र ताकावरच्या लोण्याहून थोडा सैल हवा. ब्रशची टोकं पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा घोळवा, म्हणजे अंदाज येतो.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. फेसच टिकत नाही.

जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारी साय तयार करतात. फेस फाटतो, आणि ती साय पात्यावरही बसते. सोलापूर आणि मराठवाड्यातल्या मित्रांची ही कायमची तक्रार. फेसापुरतं वाटीभर फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. शेवटी पातं धुवायलाही तेच वापरा, कारण जड पाण्याचा थेंब धारेवर सुकला की क्षाराचा पांढरा डाग मागे ठेवतो.

दाढीआधी पट्ट्यावर किती हात मारायचे?

माझं प्रमाण असं: सुती पट्ट्यावर २० फेरे, चामड्यावर ४०. एक फेरा म्हणजे एक जाणं आणि एक येणं. नवशिक्याने चामड्यावर ५० करावेत, कारण त्यातले दहा तरी वाया जातात.

पण आकड्यापेक्षा हात महत्त्वाचा. पाळायच्या गोष्टी अशा.

पाठ, म्हणजे पात्याची धारेसमोरची जाड कड, चामड्यावरून कधीच उचलायची नाही. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या असतात, आणि वस्तऱ्याचा कोन त्या जाड पाठीमुळेच आपोआप राखला जातो. पात्याच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शाइतकी पाठ जाड असते, त्यामुळे धारेचा कोन साधारण चौदा-पंधरा अंशांचा बसतो. पाठ उचलली की तो बिघडला.

टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरून पलटायचा, धारेवरून नाही. पुष्कळांचा पट्टा इथेच कापला जातो. मनगट वळवू नका. वस्तऱ्याची शेपूट, म्हणजे पात्यामागचा धरायचा भाग, अंगठा आणि तर्जनी यांच्यात पेन्सिलीसारखी गोल फिरवा.

जोर नको. पात्याचं वजन आणि वर किंचितसा हात, एवढंच. पट्टा ताणून धरा. तो सैल पडला की धारेभोवती गुंडाळतो आणि धार गोल होते.

आणि जो नियम आमच्या घरी पाढ्यासारखा पाठ होता: दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. दगडावर आपण जणू पातळ काप काढत जातो, चामड्यावर धार मागून ओढत नेतो. हे उलट झालं की पट्टाही गेला आणि धारही.

सुरुवातीला वेग अजिबात नको. दुकानातला पट् पट् आवाज वर्षानुवर्षांच्या सरावाचा असतो. त्याची नक्कल पहिल्याच आठवड्यात करू नये.

पट्टा नेमकं काय करतो? धार लावतो का?

धार लावतो दगड. पट्टा लावलेली धार जागेवर आणतो. दाढी करताना ती बारीक कड कुठे कुठे वाकते, तिच्यावर साबण आणि गंजाचा अतिसूक्ष्म थर बसतो. चामडं ती कड सरळ करतं आणि पुसून चमकवतं. ज्या जागी टवका उडाला आहे ती मात्र पट्ट्याने भरून येत नाही. म्हणून पट्टा रोजचा आणि दगड क्वचित.

पट्टा कुठून घ्यावा? घरी करता येतो का?

येतो, आणि मी तसाच वापरतो. आपल्याकडे कोल्हापूरचं चामडं आहे. तिथे चपलांसाठी म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलं जातं. रासायनिक क्रोमऐवजी झाडपाल्याने कमावलेलं चामडंच पट्ट्याला हवं. मात्र चपलेच्या तळाचं जाड, ठोकलेलं चामडं घेऊ नका. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं, गुळगुळीत, एकही सुरकुती किंवा डाग नसलेलं मागा. रुंदी साडेसात सेंटिमीटर असली तर अख्खं पातं एकदम मावतं. कमी असेल तर पातं मुळापासून टोकाकडे तिरकं सरकवत न्यावं लागतं. लांबी निदान पंचेचाळीस सेंटिमीटर असू द्या.

नवा पट्टा कोरडा आणि आडमुठा असतो. त्याला खोबरेल किंवा गोडं तेल पाजू नका. ते खवट होतं आणि धूळ धरतं. रोज दाढीआधी स्वच्छ तळहात त्यावर वीस-पंचवीस वेळा जोराने फिरवा. हाताची ऊब आणि हाताचंच तेल त्याला पुरतं. वडील दुकान उघडल्यावर, देवाला उदबत्ती लावली की पट्ट्यावर हात फिरवायचे. त्यांचा पट्टा शेवटी शेवटी काळा, आरशासारखा झाला होता.

सुती पट्टा लागतोच का?

लागतोच असं नाही, पण फार उपयोगाचा. चामड्याआधी तो पातं पुसतो, साबणाचा थर काढतो आणि धारेवरची ओल घालवतो. विकतचा महागडा कशाला? जुन्या खाटेची नवार, म्हणजे जाड विणलेली सुती पट्टी, घ्या, सोड्याच्या पाण्यात उकळून खळ काढून टाका, वाळवून ताणून बांधा. चांगल्या जाड विणीची नवार विकतच्या पट्ट्यापेक्षा कमी नाही. आमच्या दुकानात नवारच होती.

चेहऱ्यावर वस्तरा किती अंशांत धरायचा?

पुस्तकी उत्तर तीस अंश. पण आरशासमोर कोण कोनमापक घेऊन उभा राहतो? पाठ आणि गाल यांच्यात पाठीच्या जाडीएवढी किंवा फार तर दुपटीएवढी जागा राहू द्या. त्याहून उभा धरला की खरवडतो. त्याने कातडी जळजळते आणि धारेवर आडवा भार येऊन ती लवकर जाते. अगदी आडवा झोपवला तर केस न कापता ओढला जातो.

मोकळ्या हाताने कातडी ताणा. बोटं साबणाने सटकतात, म्हणून ती कोरडी ठेवा, नाहीतर जवळ एक कोरडा रुमाल ठेवा.

हात आखूड मारा, अडीच-तीन सेंटिमीटरचे. एका लांब हाताच्या शेवटी फेस पात्यावर साठतो आणि धार कोरड्या केसांत शिरते.

सुरुवात कुठून करायची?

गालांपासून. मग गळा, आणि हनुवटी आणि ओठावरचा भाग शेवटी. काही जण म्हणतात की धार ताजी असताना राठ केस आधी काढावेत. मी दोन्ही करून पाहिलं आहे. हनुवटीला मिळणारी ती जादा चार-पाच मिनिटांची भिजवणूक धारेच्या ताजेपणापेक्षा जास्त कामी येते, असं माझं ठाम मत आहे. फक्त तेवढ्या वेळात तिथला फेस सुकू द्यायचा नाही. दर दोन मिनिटांनी ओला ब्रश फिरवा.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: पूर्ण पातं वापरा. बहुतेक जण पात्याचा मधला दोन सेंटिमीटर भागच वापरतात आणि मग वस्तरा बोथट झाला म्हणतात. मी गालाला मुळाकडची बाजू वापरतो, गळ्याला मधली, आणि टोकाकडची धार हनुवटी-मिशीसाठी राखून ठेवतो. त्यामुळे सगळ्यात कठीण जागेवर पोचतो तेव्हा माझ्याकडे जवळपास कोरी धार शिल्लक असते.

सुलटी झाल्यावर उलटी मारावी का?

सुलटी म्हणजे केसाच्या दिशेने मारलेला हात, उलटी म्हणजे केसाच्या विरुद्ध, आणि आडवी म्हणजे केसाला आडवा. पहिले सहा महिने उलटी नको. उलट्या हाताला केस पात्याकडे तोंड करून उभा असतो आणि कोन जरा चुकला तरी धारेवर आणि कातडीवर दोन्हीकडे ताण येतो. सुलटी करून मग आडवी मारा. तेवढ्याने कार्यालयात जाण्याजोगी दाढी होते. उलटी मारायचीच असेल तर आधी नव्याने पूर्ण फेस लावा आणि वस्तरा सुलट्यापेक्षाही आडवा धरा.

पात्यावरचा फेस कशावर पुसायचा?

खरं तर पहिला प्रश्न हा असायला हवा, कारण बहुतेकांची धार इथे जाते. मी स्वतः एकदा घाईत पातं नळाखाली धरलं आणि ते नळाच्या तोटीला किंचित टेकलं. आवाजही झाला नाही. पण धारेला तिळाएवढी खांड पडली आणि ती काढायला हजार नंबरच्या भरड दगडापासून सगळं पुन्हा करावं लागलं, दोन रविवार गेले.

बेसिनवर टकटक करून फेस झाडायचा नाही. भांड्यातल्या पाण्यात खळखळून धुवायचं असेल तर भांडं प्लास्टिकचं घ्या. सगळ्यात सुरक्षित म्हणजे पुसणं: ओला मऊ नॅपकिन डाव्या हातात घेऊन पातं त्यावर आडवं टेकवा आणि पाठ पुढे ठेवून ओढा, पट्ट्यावर ओढतो तसंच. धारेच्या दिशेने कापडात घुसवायचं नाही आणि धारेवरून बोटंही फिरवायची नाहीत. जुने कारागीर वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यावर पुसायचे, काही डाव्या मनगटावर. कागद चालतो, पण जाड आणि चकचकीत छपाईचा नको.

दाढीच्या मध्येच पट्ट्यावर फिरवलेला चालेल का?

चालतो, गरज असेल तर. सुलटी आणि आडवी यांच्यामध्ये दहा फेरे हरकत नाही. पण पातं पूर्ण कोरडं करूनच. ओलं पातं चामड्यावर नेलं तर चामडं फुगतं आणि साबण त्यात मुरतो. आधी नॅपकिन, मग नवार, मग चामडं. दरवेळी मध्येच पट्टा लागत असेल तर तो दगडाचा इशारा समजा.

तळहातावर फिरवायचीही जुनी पद्धत आहे. हात कोरडा करून, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, पाठ पुढे, चार-पाच वेळा. त्याने खरोखर फरक पडतो. पण आधी वर्षभर पट्ट्यावर हात बसू द्या, आणि दुसऱ्याचा वस्तरा आपल्या तळहातावर कधी नाही.

हिरवी पेस्ट लावावी का?

ती क्रोमियम ऑक्साइडची असते, अतिशय बारीक कणांची. रोजच्या पट्ट्याला तिचा स्पर्शही होऊ देऊ नका. एका सपाट लाकडी फळीवर चामड्याची वेगळी पट्टी चिकटवा आणि तिच्यावर अगदी पुसटशी लावा. पट्टा भरपूर मारूनही वस्तरा ओढायला लागला की त्यावर दहा-बारा फेरे मारले म्हणजे महिनाभर पुन्हा बरं चालतं. असं चार-पाच वेळा झालं की कोन हळूहळू गोल होतो आणि दगडाला पर्याय राहत नाही.

दगडावर केव्हा घ्यायचा? आणि कोणता दगड?

माझा वस्तरा वर्षातून दोनदा दगडावर जातो. रोज दाढी करणाऱ्यासाठी हे प्रमाण ठीक आहे.

आपल्याकडे दगडाला निसणा म्हणतात. वडिलांकडे एकच काळसर गुळगुळीत निसणा होता आणि त्यावर पाणी घालून ते वस्तरा पाजळायचे. आता कृत्रिम दगड नंबरवार मिळतात, नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. १००० चा दगड फक्त खांड काढायला किंवा बिघडलेला कोन बसवायला. ४००० आणि ८००० नेहमीच्या कामाला. १२००० शेवटची चमक द्यायला. धार नुसती मंदावली असेल तर ८००० पासूनच सुरू करा. बेल्जियममधल्या आर्देन भागातला कोटिक्युल नावाचा पिवळसर नैसर्गिक दगड या कामासाठी जगभर नावाजलेला आहे. त्यात गार्नेटचे बारीक कण असतात आणि तेच पोलाद घासतात. हौस असेल तर घ्या, पण गरज नाही.

दगड सपाट असणं नंबरापेक्षा महत्त्वाचं. काचेवर पाण्याचा पॉलिशपेपर चिकटवून दगड त्यावर घासून सपाट करा. पेन्सिलीने आधी चौकटी मारल्या तर खळगा कुठे आहे ते कळतं.

सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे दिला तर?

कृपा करून देऊ नका. सायकलवरची फिरती सहाण सुरीला, कात्रीला, विळीला उत्तम. त्या कामातलं त्यांचं कौशल्य मोठं आहे. पण वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की फिरत्या चाकावर ती क्षणात तापते. वस्तऱ्याचं पोलाद कारखान्यात साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास पाणी उतरवून, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा थोडं तापवून, तयार केलेलं असतं. कड त्याच्या वर तापली की ती मऊ पडते, आणि निळी झाक दिसली तर समजा तापमान तीनशेच्या घरात गेलं होतं. ती जागा मग कधीच धार धरत नाही. काही शिकलगार हाताने दगडावर वस्तरा लावतात. तसा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

धार आहे की नाही हे दाढीआधी कसं ओळखायचं?

डोक्याचा एक केस धुऊन, दोन बोटांत धरून धारेवर सोडा. स्पर्शाबरोबर तुटला तर उत्तम, किंचित अडखळून तुटला तरी चालेल, नुसता वाकला तर पट्टा किंवा दगड. ही परीक्षा पात्याच्या मुळाशी, मध्ये आणि टोकाला अशी तीन ठिकाणी घ्या. नखावर धार ओढून पाहणारे पाहिले आहेत. त्याने तयार धार बिघडते, ते दाढीच्या वस्तऱ्यावर करू नये.

अखेर खरी परीक्षा गालावरच्या पहिल्या हाताची. आवाज ऐका. चांगल्या धारेला केस तुटताना कोरड्या पाचोळ्यासारखा बारीक कुरकुर आवाज येतो. आवाज जाड झाला की काहीतरी बिघडलं आहे.

तुरटीने धार जाते असं ऐकलं. खरं आहे?

चेहऱ्याला तुरटी चांगलीच, मीही लावतो. पण तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं आणि ते कार्बन पोलादाला खातं. तुरटी लावलेल्या हाताने वस्तरा पुसू नका. आधी वस्तरा धुऊन, पुसून, मिटून ठेवा, मग तुरटी हातात घ्या.

दाढी झाल्यावर काय करायचं?

गरम पाण्याने धुवा, पुसा, मुठीच्या फटीतली ओल कागदाच्या सुरळीने टिपा, नवारीवर दहा फेरे, मग उघडाच तासभर सुकू द्या. न्हाणीघरात ठेवू नका.

कोकणातल्या पावसाळ्यात गंज कसा रोखायचा?

चिपळूणला जून ते सप्टेंबर हा माझ्यासाठी वस्तऱ्याच्या काळजीचा हंगाम असतो. इथे हवेतच इतकी ओल असते की कोरडा करून ठेवलेला वस्तरा चार दिवसांत ठिपके धरतो. रोज वापरात असेल तर नवारीवर सुकवणं पुरतं. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब कापसाने दोन्ही बाजूंना आणि धारेवर अलगद लावा. ते खनिज तेल आहे, खवट होत नाही. खोबरेल तेल मी वापरत नाही, थंडीत ते थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. डबा घट्ट झाकणाचा, आत औषधांच्या बाटलीतल्या सिलिका जेलच्या पुड्या. चामड्याच्या खोळीत वस्तरा ठेवू नका, चामडं ओल धरतं.

दाढीआधी तेल साबणाच्या पाण्याने काढून मगच पट्ट्यावर न्या.

आजोबांचा वस्तरा सापडला आहे. वापरता येईल?

किती आनंदाची गोष्ट. पण आधी तपासा. भिंगातून धार बघा: गंजाचे खड्डे पात्याच्या अंगावर असतील तर चालतील, धारेच्या कडेवर असतील तर तिथे धार टिकणार नाही. बारीक उभी भेग असेल तर तो जपून ठेवायचा, चालवायचा नाही. जर्मनीतलं झोलिंगेन किंवा इंग्लंडमधलं शेफील्ड यांचं नाव शेपटीवर कोरलेलं असेल तर पोलाद चांगलं असण्याची शक्यता मोठी. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारीही असे वस्तरे सापडतात, तिथेही हीच तपासणी करा.

जुन्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड जुनं होऊन कुजायला लागलं की त्यातून निघणारे वायू पातं गंजवतात. मूठ चिरफळलेली असेल आणि कापरासारखा उग्र वास येत असेल तर पातं लगेच वेगळं करा.

वापरण्याआधी स्पिरिटने निर्जंतुक करा. आणि घरात दोन जण वापरणार असाल तर वस्तरे दोन घ्या. रक्तातून पसरणारे कावीळ आणि एचआयव्हीसारखे आजार लक्षात घेता यात तडजोड नको.

सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो. त्याला हे लागू आहे का?

पट्टा आणि दगड सोडून सगळं लागू आहे. भिजवणं, फेस, कोन, पुसणं तेच. दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड ही आरोग्यासाठी योग्यच पद्धत आहे, आणि पूर्वीच्या वस्तऱ्याची जागा तिनेच घेतली. घरी शिकणाऱ्याला मी असा सल्ला देतो: आधी दोन महिने अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याने कोन आणि कातडी ताणणं शिका. मग खरा वस्तरा घ्या. चुका ब्लेडवर होऊ द्या.

एकाच वस्तऱ्याला रोज वापरणं वाईट का? आलटून पालटून दोन हवेत का?

पूर्वी युरोपात वारांची नावं कोरलेल्या सात वस्तऱ्यांच्या पेट्या मिळायच्या, रोज एक. वस्तऱ्याला विसावा दिला की धार परत येते असा समज होता. माझा तसा अनुभव नाही. पण दोन वस्तरे असण्याचा साधा फायदा आहे: एक दगडावर जायची वाट पाहत असताना दुसरा हाताशी असतो. दोघांची धार वेगवेगळी लागते, त्यामुळे कुठला मंदावला ते पटकन कळतं. माझा एक वडिलांचा आहे, दुसरा मी घेतलेला. सोमवार ते बुधवार वडिलांचा, पुढे माझा, आणि रविवारी दाढीला सुट्टी.